मुंबईत अंघोळीचं पाणी कशावर तापवायचं? वीज, पाइप गॅस, सिलेंडर यांचा हिशोब स्वतः कसा मांडायचा

मुंबईत रूम हीटर कुणी लावत नाही, त्यामुळे घरात काहीतरी तापवण्यावर आपला जो खर्च होतो तो दोनच ठिकाणी, स्वयंपाक आणि अंघोळीचं पाणी. स्वयंपाकाचं ठरलेलं असतं, घरात जे कनेक्शन आहे त्यावर. घोळ होतो तो पाण्याचा. नवीन घर घेतलं किंवा भाड्याने राहायला आलात की पहिल्या आठवड्यात इलेक्ट्रिशियन एक सांगतो, दुकानदार दुसरं सांगतो, शेजारच्या काकू म्हणतात गॅस गीझरच घ्या, वीज परवडत नाही, आणि सासूबाई म्हणतात गॅसवर पातेलं ठेव, कशाला हवाय गीझर.

मी परळच्या चाळीत वाढले तिथे बेस्टची वीज होती आणि पाण्याला रॉड, मग गोरेगावला भाड्याने राहिलो तिथे स्टोरेज गीझर (टाकीत पाणी तापवून साठवणारा), आणि आता मुलुंडला महावितरणची वीज आणि पाइप गॅस. सगळे प्रकार वापरून झालेत आणि प्रत्येक वेळी बिलं घेऊन बसलेय. एक गोष्ट पक्की कळली, की "गॅस स्वस्त की वीज" हा प्रश्न असा नुसता विचारून उपयोग नाही. तुमच्या घरात रोज किती बादल्या लागतात, वर्षाचे किती महिने लागतात आणि तुमच्या वीजबिलात शेवटचं युनिट काय भावाने पडतं, या तीन गोष्टींवर उत्तर बदलतं. म्हणून खाली रेडिमेड उत्तर न देता हिशोब कसा करायचा ते पायरी पायरीने लिहितेय. आकडे मी धरलेले आहेत, दर सारखे बदलतात, तुम्ही तुमच्या बिलावरचे टाका.

१) आधी हे सगळं हाताशी घ्या

– वीजबिलं, जमलं तर वर्षभराची. कंपनीच्या ॲपवर किंवा वेबसाइटवर ग्राहक क्रमांक टाकला की जुनी बिलं मिळतात.
– पाइप गॅसचं शेवटचं बिल (हे दोन महिन्यांचं असतं, विसरू नका) किंवा सिलेंडरची पावती.
– गीझर आधीपासून असेल तर त्यावरच्या स्टार लेबलचा आणि वॉटच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो.
– किती लिटरची ते माहीत असलेली बादली. एक लिटरच्या बाटलीने एकदा भरून बघा, दुकानात "वीस लिटरची" म्हणून दिलेली काठोकाठ भरली तरच वीस होते.
– पाण्यात बुडवता येईल असा साधा थर्मामीटर. ताप बघायचा चालणार नाही, त्याचा आकडा ३५ च्या आसपास सुरू होतो.
– भाड्याने असाल तर लीव्ह अँड लायसन्सचा करार. गीझर मालकाचा आहे का, दुरुस्ती कोणाकडे, हे त्यात लिहिलेलं असतं किंवा नसतं, आणि नसेल तर आत्ताच विचारून घ्या.

२) गरज मोजा, बादल्यांमध्ये

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते, शाळेतलंच आहे. मुंबईत थंडीच्या दिवसांत नळाचं पाणी साधारण २५ अंशाच्या आसपास असतं (गच्चीवरच्या टाकीतून येत असेल तर सकाळी थोडं कमी, दुपारी बरंच जास्त), आणि अंघोळीला ४० अंश भरपूर झालं. म्हणजे १५ अंश वाढवायचे. वीस लिटरची बादली धरली तर २० गुणिले १५, म्हणजे ३०० किलोकॅलरी. हा आकडा लक्षात ठेवा, एक बादली म्हणजे ३००.

चार माणसं, प्रत्येकी एक बादली, की दिवसाला १,२०० आणि महिन्याला ३६,००० किलोकॅलरी. खाली सगळीकडे मी हेच घर धरलंय. तुमच्याकडे दोघंच असाल तर निम्मं करा. शॉवर घेत असाल तर मात्र एकदा शॉवरखाली बादली ठेवून मोजा, कारण दहा मिनिटांच्या शॉवरला किती पाणी जातं हे बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही, दोन-तीन बादल्या सहज होतात आणि मग सगळा हिशोबच दुप्पट-तिप्पट.

पुणे-नाशिकवाल्यांचे आकडे मुंबईला लावू नका. तिथे थंडीत पाणी बरंच गार असतं म्हणून त्याच बादलीला जास्त उष्णता लागते आणि त्यांच्यासाठी महाग पर्याय आणखी महाग पडतो. उलट मुंबईत फरक कमी आहे, तो पुढे खरेदी ठरवताना फार कामाला येतो.

३) विजेचा खरा दर काढा, इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो

बहुतेक लोक काय करतात, बिलाची रक्कम भागिले युनिट. समजा २,४०० रुपये आणि २४० युनिट, म्हणजे दहा रुपये युनिट, संपलं. पण गीझरसाठी हा दर चुकीचा आहे, कारण विजेचे दर स्लॅबमध्ये आहेत. घरगुती ग्राहकांना ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे टप्पे असतात, दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि बेस्ट, अदानी, टाटा, महावितरण प्रत्येकाचे वेगळे. पहिली शंभर युनिटं सगळ्यात स्वस्त. ती फ्रिज, पंखे, दिवे यातच संपून जातात. गीझर तुम्ही नव्याने लावताय, म्हणजे त्याची युनिटं तुमच्या आत्ताच्या वापराच्या वर जाऊन बसणार आणि त्यांना वरच्या स्लॅबचा भाव लागणार. सरासरी दर इथे काही सांगत नाही.

मग काय करायचं? बिलावर तुमचा वापर ज्या टप्प्यात संपतो त्या टप्प्याचा वीज आकार बघा. त्यात वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवायचे पैसे) मिळवा, तो प्रत्येक युनिटला लागतो. इंधन समायोजन आकार (इंधनाचा खर्च वाढला की लागणारा) असेल तर तोही मिळवा. या बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क लावा. स्थिर आकार मात्र धरू नका, तो गीझर असो नसो भरावाच लागतो.

उदाहरण घ्या. समजा वीज आकार ८ रुपये, वहन २ रुपये २० पैसे, इंधन समायोजन १५ पैसे. बेरीज १०.३५. त्यावर १६ टक्के, झाले १२ रुपये. हा तुमच्या गीझरच्या युनिटचा खरा भाव. वापर ३०० च्या पुढे जात असेल तर हाच आकडा आणखी चढतो, मी खाली तिथे १६ रुपये धरलेत.

आता यात मुंबईचं एक आहे जे कोणी बोलत नाही. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांचं मे महिन्याचं बिल वरच्या स्लॅबला गेलेलं असतं, ते बघून ते घाबरतात आणि म्हणतात वीज नको. पण मे मध्ये गरम पाणी लागतंच कुणाला? डिसेंबर-जानेवारीत एसी बंद, पंखा एकवर, तेव्हा युनिटं बरीच उतरतात आणि गीझर खालच्या स्लॅबमध्ये मावून जातो. म्हणून दर काढायला थंडीतलं बिल घ्या, उन्हाळ्यातलं नाही. पावसाळ्यातही गरम पाणी लागत असेल तर जुलै-ऑगस्टचं बिलही बघा.

४) गॅसचा दर

हा सोपा आहे. पाइप गॅसच्या बिलावर एससीएम लिहिलेलं असतं, म्हणजे स्टँडर्ड क्युबिक मीटर. त्याचा दर कर धरून घ्या (पाइप गॅस जीएसटीत नाही, त्यावर राज्याचा व्हॅट लागतो, महाराष्ट्राने तो १ एप्रिल २०२२ पासून साडेतेरावरून ३ टक्क्यांवर आणला). हिशोबाला मी ५० रुपये धरतेय. एका एससीएममधून साधारण ८,५०० किलोकॅलरी मिळतात.

सिलेंडर घरगुती, १४.२ किलोचा. हिशोबाला ९०० रुपये धरले तर किलोला ६३ रुपये ४० पैसे पडतात. एका किलोतून साधारण ११,००० किलोकॅलरी. सिलेंडर घेताना वजन करून मागा, डिलिव्हरीवाल्याने काटा आणायलाच हवा, आणि रिकाम्या सिलेंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं. अर्धा-पाऊण किलो कमी असेल तर हा सगळा हिशोब तिथेच बिघडला.

आणि वीज? एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. म्हणजे एक एससीएम गॅस बरोबर जवळपास दहा युनिटं. ही एक ओळ डोक्यात असली की दुकानात कोणी काहीही सांगू दे, तुम्हाला उभ्या उभ्या ताडता येतं.

५) कशात किती वाया जातं

रॉड आणि इन्स्टंट गीझरमध्ये (साठवून न ठेवता लागेल तसं पाणी तापवणारा) जवळपास काहीच वाया जात नाही, कॉइल पाण्यातच बुडालेली असते. गॅस गीझरमध्ये साधारण वीस टक्के उष्णता धुराबरोबर जाते, म्हणून ८० टक्के धरा. शेगडीवर पातेलं ठेवलं तर त्याहून जास्त जाते. चांगल्या शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के असावी असं भारतीय मानक सांगतं, पण ते स्वच्छ बर्नर आणि बरोबर मापाच्या भांड्याला. आपल्या घरातली ज्वाला पातेल्याच्या कडेने वर येत असते, झाकण नसतं, त्यामुळे ६५ धरलं तरी कौतुकच. झाकण ठेवा एवढं तरी करा.

स्टोरेज गीझरची गोष्ट वेगळी. तापवताना त्यात काही वाया जात नाही, वाया जातं ते नंतर. १५ लिटरची टाकी ५५ अंशाला तापून तशीच राहिली, शेवटच्या माणसाची अंघोळ झाल्यावर गीझरने पुन्हा टाकी भरून तापवली, सगळे ऑफिसला गेले. १५ लिटर गुणिले ३० अंश, ४५० किलोकॅलरी, म्हणजे दीड बादलीची उष्णता त्या टाकीत बसून राहते. टाकीला इन्सुलेशन चांगलं असलं तरी दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यातली साधारण निम्मी जाते. महिन्याला सात-आठ युनिटं झाली, कोणाच्याही अंगावर एक तांब्या न पडता. उपाय फुकटचा आहे, शेवटचा माणूस अंघोळीला जायच्या आधी स्विच बंद करायचा, टाकीत आहे ते त्याला पुरतं. आमच्याकडे बाथरूमच्या दारावर चिठ्ठी चिकटवली आहे त्याची.

स्टार लेबलवर स्टँडिंग लॉस म्हणून आकडा असतो, चोवीस तास चालू ठेवल्यावर नुसतं गरम राहायला किती वीज जाते तो. घरात म्हातारी माणसं किंवा तान्हं बाळ असेल आणि दिवसभर गरम पाणी लागत असेल तर हा आकडा बघून पाच स्टारचाच घ्या. सकाळी तासभरच लावत असाल तर स्टारमुळे पडणारा फरक थोडा आहे.

६) आता महिन्याचा खर्च, चार माणसांचा

इन्स्टंट गीझर किंवा रॉड: ३६,००० भागिले ८६०, थोडं वाया जाणारं धरून ४३ युनिट, १२ रुपयांनी ५१६ रुपये. १६ च्या स्लॅबमध्ये गेलात तर ६८८.

स्टोरेज गीझर, चिठ्ठी न लावता: ५० युनिट, ६०० रुपये. १६ ने ८००.

पाइप गॅसवर गॅस गीझर: ३६,००० भागिले ०.८ (८० टक्के), मग भागिले ८,५००, म्हणजे ५.३ एससीएम, २६५ रुपये.

सिलेंडरवर गॅस गीझर: ४.१ किलो, २६० रुपये.

शेगडीवर पातेलं: पाइप गॅस असेल तर ३२५, सिलेंडर असेल तर ३२०.

बघा, पाइप गॅस आणि सिलेंडर जवळपास सारखेच निघाले. "पाइप गॅस निम्म्यात पडतो" असं जे सर्रास सांगितलं जातं ते या दरांना तरी खरं नाही. पाइप गॅस घ्यावा तो सोयीसाठी, ऐन अंघोळीच्या वेळी सिलेंडर संपत नाही, बुकिंगची कटकट नाही, आणि घरात भरलेली टाकी ठेवावी लागत नाही. दर बदलले की पारडं इकडे तिकडे झुकतं, म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा मांडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

रॉडबद्दल एकच सांगते. खर्चात तो इन्स्टंट गीझरएवढाच आहे, स्वस्त नाही, फक्त विकत घ्यायला स्वस्त आहे. आणि पाणी तापलं का बघायला कोणी चालू रॉडच्या बादलीत हात घालतं, त्यातून जीव जातात. लहान मुलं असलेल्या घरात रॉड ठेवूच नका. ठेवलाच तर स्विच बंद, प्लग बाहेर, मगच बादलीला हात, याला अपवाद नाही.

७) बसवायचा खर्च आणि वर्षाचे महिने

वरचे आकडे बघून लगेच गॅस गीझर आणायला निघू नका. इन्स्टंट आणि गॅस गीझरमध्ये महिन्याला २५० रुपयांचा फरक निघाला. बाराही महिने गरम पाणी लागत असेल तर वर्षाला ३,००० वाचतात. पण मुंबईत कितीतरी घरांत नोव्हेंबर ते फेब्रुवारीच लागतं, तिथे वर्षाला १,००० वाचणार. गॅसची लाइन बाथरूमपर्यंत न्यायची, पाण्याचं पाइपिंग, धुराचा पाइप, भिंत फोडणं, यात समजा पाच हजार जादा गेले तर पहिल्या घराला दोन वर्षांच्या आत वसूल, दुसऱ्याला पाच वर्षं. आणि भाड्याचं घर अकरा महिन्यांच्या करारावर असतं.

माझं मत विचाराल तर, दोघं-तिघं, चार महिने वापर, भाड्याचं घर, तर साधा तीन लिटरचा इन्स्टंट गीझर लावा आणि विसरून जा. पाच-सहा माणसं, म्हातारे आईवडील, बारा महिने कढत पाणी, स्वतःचं घर आणि हवेशीर जागा, तर गॅस गीझर. मधलं कुठलं असेल तर पायरी तीनचा दर निर्णय देईल, १२ च्या आसपास असेल तर वीज, १६ असेल तर गॅस.

८) गॅस गीझर: ही पायरी वगळू नका

दर थंडीत बातमी येतेच, बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे गुदमरून मृत्यू. गॅस जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. बंद बाथरूममध्ये तो कमी पडला की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, चक्कर येते आणि माणूस तिथेच पडतो, कडी उघडायलाही उठता येत नाही. गॅसगळतीचा जो वास आपल्याला माहीत आहे तो इथे येत नाही, कारण गॅस गळत नसतो, जळत असतो.

म्हणून गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर. मोकळ्या ड्राय बाल्कनीत, खिडकीजवळ, आणि तिथून गरम पाण्याचा पाइप आत. बाथरूममध्ये "वर झरोका आहे की, चालतंय" असं बसवणारा माणूस म्हणेल, ऐकू नका. आमच्याच सोसायटीत एकाने काचेचं सरकतं दार लावून ड्राय बाल्कनी पूर्ण बंद केली, आत गीझर होता, तेव्हा कमिटीने दार काढायला लावलं, आणि बरोबर केलं. नंतर बाल्कनी बंद करायची असेल तर आधी गीझरची जागा बदला. धुराचा पाइप बाहेर उघड्यावर निघाला पाहिजे, डक्टमध्ये सोडून द्यायचा नाही, तिथे इतरांच्या बाथरूमच्या खिडक्या असतात.

दुसरं, पाइप गॅसचं आणि सिलेंडरचं मॉडेल वेगळं असतं. दोन्हीचा दाब वेगळा, जेट वेगळे. जुन्या घरातून आणलेला सिलेंडरवरचा गीझर पाइप गॅसला तसाच जोडायचा नाही. ज्वाला निळी हवी. पिवळी, काजळी धरणारी दिसली की वापर बंद करून मेकॅनिक बोलवा.

तुमच्या बाथरूमजवळ अशी मोकळी जागाच नसेल तर गॅस गीझर तुमच्यासाठी नाही. महिन्याचे अडीचशे वाचवायला हा धोका घ्यायचा नाही.

९) विजेचा गीझर लावताना

२ ते ३ किलोवॉटच्या गीझरला १६ ॲम्पिअरचा वेगळा पॉइंट हवा, जाड वायरचा, वेगळ्या एमसीबीवर (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच). साडेचार किलोवॉटचा इन्स्टंट घेतलात तर तो जवळपास वीस ॲम्पिअर ओढतो, त्याला सोळाचा प्लग चालत नाही. जुन्या चाळीत, जुन्या बिल्डिंगमध्ये वायरिंग आधी तपासा. अर्थिंग आहे का ते टेस्टरने नाही, इलेक्ट्रिशियनकडून नीट मोजून घ्या, आणि मेन बोर्डात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर गीझरच्या आधी तो बसवा. बिलावर मंजूर भार लिहिलेला असतो, एसी आणि गीझर मिळून त्याच्या वर जात असेल तर भार वाढवून घ्यावा लागेल.

३ किलोवॉटचा इन्स्टंट वीस लिटरच्या बादलीला सात मिनिटं घेतो. धार बारीक वाटते म्हणून लोक नळ पूर्ण सोडतात आणि मग म्हणतात पाणी कोमटच येतं. नळ कमी सोडा, मिनिटाला तीन लिटरच्या आत.

पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणा या धरणांतून येतं, ते मऊ आहे, कॉइलवर थर कमी बसतो. पण तुमच्या बिल्डिंगला टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर क्षार साठतात, पाणी तापायला वेळ लागतो, कॉइल जाते. अशा ठिकाणी वर्षातून एकदा साफ करून घ्या.

१०) सोलर आणि हीट पंप

हे एकट्या फ्लॅटवाल्याच्या हातात फारसं नाही. सोलरला गच्ची लागते आणि गच्ची सोसायटीची. सात मजल्यांची इमारत असेल तर वरच्या दोन-तीन मजल्यांना चांगलं जमतं, खालच्यांच्या नळाला आधी पाइपमधलं गार पाणी येतं, बादलीभर वाया गेल्यावर गरम. आणि जून ते सप्टेंबर ढग, तेव्हा आतल्या कॉइलवर म्हणजे विजेवरच यावं लागतं. वरच्या मजल्यावर असाल आणि सोसायटी लेखी परवानगी देत असेल तर जरूर विचार करा, उन्हाला पैसे पडत नाहीत.

हीट पंप म्हणजे उलटा चालवलेला एसी, हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो. एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम करतो, मुंबईची उबदार दमट हवा त्याला मानवते. आपल्या चार माणसांच्या घराला महिन्याला सोळाएक युनिटं, १९० रुपये. सगळ्यात कमी, पण मशीनच महाग आहे आणि गॅसपेक्षा महिन्याला सत्तर-ऐंशी वाचवून ते वसूल होणार नाही. हॉस्टेल, जिम, मोठी सोसायटी यांच्यासाठी मात्र फार चांगला पर्याय.

११) परवानग्या आणि कागद

पाइप गॅसचा जादा पॉइंट गल्लीतल्या प्लंबरकडून काढून घ्यायचा नाही. गॅस कंपनीकडे अर्ज करायचा, त्यांचीच माणसं येऊन काम करतात. ग्राहक क्रमांक, शेवटचं बिल, ओळखपत्र तयार ठेवा. घर भाड्याचं असेल तर मालकाचं लेखी संमतीपत्र आधीच घ्या. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी "हो हो करा" यावर जाऊ नका, कमिटी बदलली की कोणाला काही आठवत नाही.

१२) बसवल्यावर एकदा मोजा

गॅस मीटरवर काळ्या आकड्यांच्या पुढे तीन लाल आकडे असतात, बिलात ते धरत नाहीत म्हणून कोणी बघत नाही. शेगड्या बंद करा, लाल आकडे लिहून घ्या, वीस लिटर पाणी ४० अंशाला काढा, पुन्हा बघा. साधारण ४४ ते ४५ चा (म्हणजे तेवढ्या लिटर गॅसचा) फरक यायला हवा. ६० च्या पुढे गेला तर बर्नर किंवा आतली नळी घाण झाली आहे, सर्व्हिसिंगला बोलवा. विजेच्या गीझरला घड्याळ पुरे, ३ किलोवॉटवर तीच बादली सातऐवजी दहा मिनिटं घ्यायला लागली की कॉइल बघायची वेळ झाली. आणि मोजलेला आकडा तारखेसकट गीझरवरच मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वर्षी मेकॅनिक आला की त्याला दाखवता येतो.